माहेरापर्यंत पुरणारी बॅटरी

मी अकोल्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीचा विजेचा धडा दरवर्षी माझ्याचकडे असतो आणि तो मी फार रंगवून शिकवतो, अशी निदान माझी समजूत आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचल्यावर हा माणूस पोटापाण्याला करतो तरी काय, असा प्रश्न कुणालाही पडेल.

पंचेचाळिशी ओलांडली की माणसाला काहीतरी लागतं. कुणाला अध्यात्म लागतं, कुणाला शुगर लागते. मला मोटरसायकल लागली. आधी मोठी गाडी घेतली, मग कोपरावर आणि गुडघ्यावर गाद्या असलेलं जाकीट घेतलं, आणि एवढं सगळं घालून रविवारी चिखलदऱ्याला जाऊन भजी खाऊन परत येतो हे जगाला कळावं म्हणून हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा घेतला. काडेपेटीहून थोडा मोठा, पण किंमत अशी की बायकोला अर्धीच सांगितली. तिनं तो हेल्मेटवर पाहिला आणि म्हणाली, "डोक्शात काही नाही तं डोक्शावर तरी असू द्या."

कॅमेरा चांगला होता. फक्त त्याची बॅटरी तासाभरात मान टाकायची, आणि उन्हात तर त्याच्याही आधी. शिवाय तो असतो डोक्यावर, त्यामुळे त्याचा लाल दिवा चालू आहे की विझलाय, हे जगातल्या सगळ्या माणसांना दिसतं, फक्त हेल्मेट घातलेल्याला दिसत नाही. परिणामी माझ्याकडे चिखलदऱ्याच्या पायथ्याचे व्हिडिओ भरपूर आहेत आणि वरचा एकही नाही. वर दरीच्या काठावर उभं राहून मी डोक्यावरच्या मेलेल्या डबीला निसर्गाची माहिती सांगायचो. शिक्षकाला समोर कुणी जागं नसताना बोलायची सवय असतेच.

असाच एक पायथा मी घरच्या टीव्हीवर लावून बसलो होतो, तेव्हा आईनं तो पाहिला.

आईचं माहेर वर्धेच्या काठी, कौंडण्यपूरच्या थोडं अलीकडे. रुक्मिणीचं माहेरही तिथलंच, त्यामुळे आईला आपल्या माहेराचा तोरा जरा जास्त. लग्न झाल्यापासून दर दिवाळीत ती तिकडे जायची. अकोल्याहून एसटीनं अमरावती, तिथं गाडी बदलायची आणि कुऱ्ह्याच्या बाजूला दुसरी एसटी. बाबा होते तोवर बाबा पोचवायला जायचे. ते गेल्यावर कधी मी, कधी ती एकटी. मग दोन वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून घरात फिरते, पण गाडीचा धक्का सोसत नाही. एकदा कारच्या मागच्या सीटवर उशा लावून नेऊन पाहिलं. गावही ओलांडलं नव्हतं, तोच तिनं माझा दंड धरला आणि फक्त "वापस" म्हणाली. त्यानंतर तिनं माहेराचा विषय काढला नाही. दोन दिवाळ्या अशाच गेल्या.

तर त्या दिवशी टीव्हीकडे बघत ती म्हणाली, "बाबू, हे यंत्र घेऊन माह्या मायेरी जाशीन का?"

मी म्हटलं, "आई, व्हिडिओ कॉल लावून देतो ना मामीला. आत्ता लावतो."

"फोनात तुया मामीचं तोंड दिसते, तेही अर्ध. मले रस्ता पायचा हाय. घरून निघाल्यापासून तं ओसरीत पाय ठेवेपर्यंत. समदा."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. चिखलदऱ्याचा अर्धा रस्तासुद्धा ज्याच्या बॅटरीला झेपत नाही, त्यानं चार तासांच्या रस्त्याला हो म्हटलं.

पहिल्या खेपेला दोन जादा बॅटऱ्या खिशात टाकल्या. हिशेब साधा होता, एक संपली की दुसरी घालायची. संपली हे कळणार कसं, हा प्रश्न मला बडनेऱ्याच्या पुलावर पडला. थांबून हेल्मेट काढलं, तर कॅमेरा केव्हाचाच थंड पडला होता. मी तिथून नवी बॅटरी घालून पुढे गेलो, मामीकडे जेवलो आणि संध्याकाळी परत आलो. मधला एवढासा तुकडा गेला तर आईला काय कळणार आहे, असं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला आणि आईला हाक मारली. ती आली तेव्हा मी बघतच राहिलो. कपाटातली बाहेर जायची साडी नेसली होती. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी होती, भाकर आणि ठेचा. खुर्चीत बसून तिनं ती मांडीवर घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती व्हिडिओ बघायला आलेली नाही, ती निघालेली आहे.

मूर्तिजापूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना कपाशी लागली आणि कपाशीतूनच एकदम बडनेऱ्याचा पूल निघाला. आई दचकली. "मधात काय झालं? डोया लागला का तुया?"

मी बॅटरीचं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "तुकड्या-तुकड्यानं कोनी मायेरी जाते काय?" आणि वॉकर ओढून उठली. शिदोरी तिनं स्वयंपाकघरात ठेवून दिली. मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी शहाणपणा करतो, ही माझी जुनी खोड आहे.

बॅटरीच नको, असं मी ठरवलं. गाडीत वीज आहे ना? हँडलजवळच्या सॉकेटमधून लांब वायर काढली, जाकिटाच्या मागून मानेवर घेतली आणि तिथून थेट कॅमेऱ्यात. आता गाडी चालू तोवर कॅमेरा चालू. वर्गात ज्याला मी अखंड परिपथ म्हणतो, तो मी स्वतःच्या मणक्यावरून नेला होता. अकोला ते बडनेरा सुरेख गेलो. बडनेऱ्यात चहाच्या टपरीवरून एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आवाज दिला, "ओ सर, चहा घ्या ना!"

आमच्याकडे चहाला नाही म्हणून पुढे गेलं की ती गोष्ट माणसाच्या आधी गावात पोचते. मी गाडी स्टँडवर लावली आणि रुबाबात उतरलो. चार पावलं गेलो असेन. मान मागे ओढली गेली, मी मागे, माझ्याकडे गाडी, आणि दोघं मिळून टपरीच्या पाण्याच्या बादलीवर. उठवायला आलेल्या चहावाल्यानं वायर हातात धरून मला विचारलं, "सर, तुमाले गाडीले बांधलं कोनी?"

गाडीला काही झालं नाही. कॅमेऱ्याचं वायर खोचायचं भोक वाकडं झालं आणि माझी मान आठवडाभर एकाच बाजूला वळत होती. बायकोनं मानेला शेक देताना एवढंच सुनावलं, "ढोर सोडाच्या आधी दावं सोडतेत. एवढं शिकले, हे नाही शिकले."

कॅमेरा दुरुस्त होऊन येईपर्यंत ऑक्टोबरचं ऊन लागलं होतं. या वेळी मी पॉवर बँक घेतली, चांगली विटेएवढी, आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. आता मी आणि वीज एकत्रच उतरणार होतो. पण वायर लावून सतत चालवलं की कॅमेरा तापून आपोआप बंद व्हायचा. म्हणून मी घरी प्रयोग सुरू केले. कॅमेरा कूलरसमोर, कॅमेरा ओल्या फडक्यात, कॅमेरा खिडकीत. आतली बॅटरी काढून नुसत्या वायरवर चालवला तर तो कमी तापतो, असं निघालं. माझ्या आयुष्यातला हा एकमेव वैज्ञानिक शोध. तोही घरातला कूलर अडवून लावला, त्यामुळे घरच्यांनी त्याची हवी तशी दखल घेतली नाही.

मग भल्या पहाटे ऊन चढायच्या आत निघालो. वायर दुपट्ट्याच्या आतून घेतली, कारण आमच्याकडे डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडतच नाही आणि त्याच्या पदरात वायर काय, लहान ट्रान्सफॉर्मरही लपेल. कुठे थांबलो नाही, चहाच्या हाका आल्या तर हात हलवून पुढे गेलो. मामीच्या ओसरीत पोचून हेल्मेट काढलं, तर लाल दिवा जळत होता. त्या दिव्याला नमस्कार करायचा तेवढा बाकी राहिला होता.

घरी आईनं पुन्हा साडी नेसली, पुन्हा शिदोरी बांधली. टीव्हीवर आमची गल्ली आली, चौक आला, हायवे लागला. मी बाजूला कौतुक करून घ्यायच्या तयारीत बसलो होतो.

"हे कोनतं गाव?" आईनं विचारलं.

"बोरगाव मंजू."

"हे नाही बोरगाव."

"आई, पाटी आली ना आत्ता."

तिला काही ते पटलं नाही. मूर्तिजापूरलाही तेच. डोळे बारीक करून बघायची आणि मान हलवायची. मला आधी वाटलं, हायवे रुंद झाला, झाडं गेली, म्हणून ओळख पटत नसेल. मग माझं लक्ष तिच्या बसण्याकडे गेलं. तिची मान डावीकडे वळलेली होती. ती टीव्हीच्या मधोमध बघतच नव्हती, डाव्या कडेला बघत होती. तिथं जे काही सरसर निघून जात होतं, त्याच्या मागे तिचे डोळे जात होते.

"आई, समोर बघ ना. तिकडे काय आहे?"

"समोर तं डायव्हर पायते," ती म्हणाली. "मी खिडकीतून पाहो. तुये बाबा मले डाव्या अंगाची खिडकी देत. उजव्या अंगानं ऊन येते म्हनत."

बाबांचं बरोबर होतं. सकाळी पूर्वेकडे निघालेल्या गाडीत हिवाळ्यात ऊन उजवीकडूनच येतं. हेही मी वर्गात शिकवतो. आईनं आयुष्यभर हा रस्ता केला होता, पण त्याचा समोरचा भाग तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिचं बोरगाव म्हणजे डाव्या हाताला दिसणारं बोरगाव. मी तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवून नेत होतो, आणि वर पाटी वाचून दाखवत होतो. व्होल्ट, तापमान, वायरची लांबी, सगळं विचारात घेतलं. आई, तू जाताना बघतेस काय, हे एकदाही विचारलं नाही. मला स्वतःचा असा राग आला की त्या दिवशी शाळेत पोरांवर रागवायला काही उरलंच नाही.

मग मी वही-पेन न घेता तिच्यासमोर नुसता बसलो आणि म्हटलं, सांग. ती सांगत गेली. एसटी मूर्तिजापूरच्या स्टँडमध्ये शिरते, बाहेरून जात नाही. तिथं थांबते. अमरावतीच्या स्टँडवर पोरांसाठी संत्री घ्यायची. दुसरी गाडी उशिरा सुटते, पण घाई करायची नाही. नदी दिसली की हात जोडायचे. "अन् घरात गेल्याशिवाय ते डोक्शावरचं काढू नको. उंबऱ्यावरून वापस आनशीन मले."

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. कॅमेरा हेल्मेटच्या डाव्या बाजूला, तोंड डावीकडे. बायकोनं जाकिटाला आतून जाड कापडाचा खिसा शिवून दिला, पॉवर बँक हलू नये म्हणून. शिवताना बोलली काहीच नाही, हे तिच्या मानानं फार होतं.

मूर्तिजापूरच्या स्टँडमध्ये मी मोटरसायकल घातली आणि एसटी लागते तिथंच लावून उभा राहिलो. डावीकडे बाकडी, बाकड्यांवर माणसं. ती मला बघत होती आणि मी त्यांच्याकडे न बघता सरळ समोर बघत उभा, कारण मान वळवली तर आईची खिडकी वळली असती. थोड्या वेळानं आतून एक कर्मचारी आला. "ओ भाऊ, हे काय पार्किंग हाय? कोनाची वाट पाहून राहिले?"

"कुणाची नाही. माझी आई बसली आहे, तिला इथं थोडं थांबायचं होतं."

त्यानं माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "थांबा, थांबा. आरामात जा." बहुधा मला एकट्याला कुणी घराबाहेर सोडायला नको होतं, असं त्याला वाटलं. मी खुलासा केला नाही.

अमरावतीत संत्री घेतली. विक्रेतीशी बोलताना ती आईला दिसावी म्हणून मी तिच्याकडे डावा कान करून उभा राहिलो. तिनं मला बहिरा समजून भाव ओरडून सांगितला. पुढे रस्त्यात जो भेटला त्याच्याशी मी असाच, रुसल्यासारखं तोंड फिरवून बोललो. तूर हिरवीगार उभी होती, कपाशी फुटली होती, आणि मला त्यातलं काहीच नीट बघता येत नव्हतं. मी समोर बघत होतो, ड्रायव्हरसारखा. वर्धेचं पात्र आलं तसं मी गाडी थांबवली आणि आईच्या वतीनं हात जोडले.

मामीला फोन केलेला होता. ती दारात उभी होती, हातात ताट. मामा ओसरीत खाटेवर. त्यांना आता कमी ऐकू येतं; आईला ते बाई म्हणतात. ते मोठ्यानं विचारत होते, "बाई आली म्हनते, कुठी हाय?"

"ते डब्बीत हाय," मामी तितक्याच मोठ्यानं म्हणाली.

मी दारात जाऊन डावा कान पुढे करून उभा राहिलो. मामीनं भाकरीचा तुकडा माझ्या हेल्मेटभोवती ओवाळून लांब टाकला. पायांवर पाणी घातलं, गाडीच्या चाकावरही घातलं. मग ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं, टाचा उचलल्या आणि मला काही समजायच्या आत कॅमेऱ्याच्या काचेवर ठसठशीत टेकवलं.

"मामी, काच आहे ती!"

"काच असन. बाई तेच्यातूनच पाहून राहिली ना?"

 मी वाकून उंबरा ओलांडला आणि मामीनं पुढे केलेल्या खुर्चीत हेल्मेटसकट बसलो. हेल्मेटसकट चहा पिता येत नाही, हेही त्या दिवशी कळलं. केव्हातरी खिशात चाचपलं तेव्हा पॉवर बँक गार पडली होती. मग हेल्मेट काढलं आणि जेवलो. काच पुसली नाही, परतीला कॅमेऱ्यात जीवच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बसली. साडी, शिदोरी, मान किंचित डावीकडे. टीव्हीवर डाव्या हाताचं जग सरकायला लागलं आणि ती बोलायला लागली. हे कापसाचं जिनिंग. ही बाभूळ अजून हाय व माय. इथं तुये बाबा एकदा उतरले पाणी आनाले अन् गाडी सुटली होती. मूर्तिजापूरच्या स्टँडवर बाकडी आली तेव्हा ती बाकड्यांवरची माणसं निवांत बघत बसली. बडनेऱ्यानंतर शिदोरी सोडली आणि आम्हालाही एक-एक घास दिला. अमरावतीत संत्र्यांचा ढीग दिसला, तशी बायको उठली आणि मी आणलेल्यातलं एक संत्रं सोलून तिच्या हातात ठेवलं. नदी आली, तिनं हात जोडले. आम्हीही जोडले.

मग दार आलं. मामी आली. भाकरीचा तुकडा फिरला. मामीचं बोट मोठं मोठं होत पुढे आलं आणि सगळा टीव्ही लाल झाला.

बायकोला हसू फुटलं. मीही हसणार होतो, पण आईकडे पाहिलं आणि थांबलो. तिनं डोळे मिटले होते आणि कपाळ थोडं पुढे केलं होतं. बाबा गेल्यापासून हळदीकुंकवाचं ताट फिरायला लागलं की ती काहीतरी निमित्त काढून आत जायची. माहेरीसुद्धा जायची. मामीनं इतकी वर्षं ते पाहिलं असणार.

मी रिमोट उचलला. "काच भरली गं कुंकवानं. बंद करतो, आता काही दिसणार नाही."

"राहू दे," आई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

लाल पडद्यातून आवाज येत राहिले. मामाचा खोकला. भांडी. कोंबडीला हुसकावणं. मग मामीचा आवाज जवळ आला. ती कॅमेऱ्याशीच बोलत होती. "बाई, औंदा तूर चांगली हाय. तुमची खाट मी तशीच ठेवली, कोनाले झोपू देत नाही. अन् मांगच्या अंगानं ते निंबाचं झाड हाय ना, तेच्याखाली—"

तिथं आवाज तुटला. टीव्ही काळा झाला.

 मी घाईघाईनं सांगायला लागलो की पॉवर बँक तिथपर्यंतच पुरली, एसटीच्या स्टँडवर थांबण्यात वेळ गेला, पुढच्या वेळी दुसरी जोडीला ठेवतो. आईनं ऐकलं नाही. डोळे उघडून तिनं विचारलं, "अन् वापस आलेला रस्ता?"

"त्याचं काहीच नाही आलं आई. बॅटरी तिथं तुझ्या माहेरातच संपली."

 तिनं शिदोरीतली उरलेली भाकर फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि खुर्चीत मागे टेकून आरामात बसली.

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. "म्हंजे मी अजून तिथंच हावो."